दुसऱ्याच्या लेन्सने पाहताना

मित्रांनो, सुरतेतल्या पर्वत पाटिया भागातल्या एका फ्लॅटमध्ये काचेचे कपाट आहे. त्यात दहा जुने कॅमेरे ठेवले आहेत आणि डावीकडून तिसरा कॅमेरा मी. लोक मला रशियन कॅमेरा म्हणतात. माझे वय तुमच्या पणजोबांएवढे असेल.

माझा जन्म सोव्हिएत देशातल्या खार्कोव्ह शहरात झाला. तिथल्या कारखान्यात तेव्हा अनाथ मुले काम करीत. त्या मुलांनी मला जोडले. माझी लेन्स पुढून आट्यांवर फिरवून बसवतात. ती फिल्मपासून किती लांब बसावी याचे त्या काळी एकच ठरलेले माप नव्हते. म्हणून प्रत्येक कॅमेऱ्याला त्याची त्याची लेन्स लावून पाहत, मागे कागदासारखी पातळ कडी घालत आणि केसाएवढाही फरक उरला नाही की लेन्सच्या आत कॅमेऱ्याच्या नंबराचे शेवटचे तीन आकडे कोरत. माझ्या लेन्सवर ४१७ कोरले होते.

माझ्यासारख्या दुसऱ्या कॅमेऱ्याची लेन्सही माझ्यावर बसते. आटे जुळतात, कुठे अडत नाही. फसगत होते ती इथेच. माझ्या छोट्या खिडकीतून पाहिले की एकाच माणसाच्या दोन प्रतिमा दिसतात. लेन्स फिरवून त्या एकावर एक आणायच्या आणि बटण दाबायचे. परकी लेन्स असली तरी खिडकीत सगळे नीट जुळलेले दिसते, पण फिल्मवर मात्र माणूस पुसट येतो.

कितीतरी हात बदलत मी सुरतेत आलो. शेवटी योगराज नावाच्या स्टुडिओवाल्याने दुकान बंद करताना मला लोटूच्या हाती दिले. लोटू खानदेशातल्या शिंदखेड्याकडचा. सुरतेतच पांडेसऱ्याच्या एका मिलमध्ये तो कापडाचे रंग कालवी. गुलाबी रंगाच्या दोन छटांतला फरक सगळ्या खात्यात फक्त त्याला ओळखू येई. सुट्टीच्या दिवशी मला गळ्यात अडकवून तो राहत्या भेस्तान वस्तीभर फिरे. कुणाच्या लेकराचा, कुणाच्या म्हाताऱ्या आईचा फोटो काढी. न्हाणीत अंधार करून फिल्म स्वतः धुवी आणि दोरीवर वाळत घाली. बायकोचा फोटो मात्र त्याच्याकडे एकही नव्हता. शोभाबाईकडे मला वळवले की ती "काम पडेल शे" म्हणत निसटून जाई.

एका रविवारी तापीच्या काठावर बँकेतले विजयसाहेब भेटले. त्यांना जुन्या कॅमेऱ्यांचा नाद. त्यांनी मला हातात घेतले, लेन्स काढून आतले आकडे माझ्या नंबराशी ताडून पाहिले.

"लोटूभाऊ, आत थोडी बुरशी आलीय. आठ दिवस ठेवा माझ्याकडे, साफ करून देतो."

बुरशी नव्हती. लोटूने मात्र हात जोडून मला त्यांच्या स्वाधीन केले.

घरी जेवणाच्या टेबलावर विजयसाहेबांनी माझी लेन्स उतरवली आणि कपाटातली दुसरी, दिसायला अगदी तशीच, माझ्यावर चढवली. त्यांची मुलगी अनुजा समोर कॉलेजचा अभ्यास करीत बसली होती.

"बाबा, ही त्या काकांची लेन्स ना? मग दुसरी का लावताय? त्यांचे फोटो बिघडतील."

"मिलमधला माणूस आहे तो, त्याला काय कळतंय? फोटो बिघडले की कॅमेराही देऊन टाकेल. तू अभ्यास कर."

अनुजाने मान खाली घातली आणि पुस्तकाचे पान उलटले. मला तेव्हा ओरडावेसे वाटले, पण मला तोंड कुठे आहे?

आठ दिवसांनी मी ती परकी लेन्स घेऊन लोटूकडे परतलो. त्याच महिन्यात शोभाबाई अंथरुणाला खिळली. तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितले, तेव्हा काय ते तिला समजले. एका सकाळी तिने स्वतः केस विंचरले आणि लोटूला म्हणाली, "आते काढा मना फोटो. देखणी नका करू. मी जशी शे तशी काढा."

लोटूने तिला खिडकीजवळ बसवले. छत्तीस फोटो काढले. ती हसली, पाणी प्यायली, एकदा त्याच्यावर खोटी रागावलीसुद्धा. तो वारंवार माझ्या छोट्या खिडकीतून पाहून तिच्या दोन प्रतिमा नीट एकावर एक आणी आणि मगच बटण दाबी. मला माहीत होते. माझ्या पोटात एकामागून एक छत्तीस वेळा ती विरघळत गेली.

दुसऱ्या दिवशी फिल्म वाळली. लोटूने ती उजेडात धरली. शोभाबाईमागची भिंत आणि भिंतीवरचे कॅलेंडर स्पष्ट आले होते. शोभाबाईला मात्र चेहराच नव्हता.

तो मला आणि फिल्म घेऊन थेट पर्वत पाटियाला गेला. "साहेब, खिडकीत तर बरोबर दिसत होतं. हे असं कसं झालं?"

विजयसाहेबांनी फिल्म बराच वेळ पाहिली. माझी लेन्स त्यांच्या पाठीमागे, चार हातांवर, काचेच्या कपाटात होती.

"कॅमेऱ्यात दोष नाही, लोटूभाऊ. मी स्वतः साफ केलाय. तुमचे डोळे गेले आता. वय झालं."

"पण मिलच्या डॉक्टरांनी परवाच डोळे तपासले. चांगले आहेत म्हणाले."

"पाटीवरची अक्षरं वाचणं वेगळं आणि फोकसची नजर वेगळी. वाईट वाटून घेऊ नका. मला देऊन टाका हा कॅमेरा, निदान जपला जाईल."

अनुजा आतून पाणी घेऊन आली होती. तिने पेला ठेवला आणि ती आत निघून गेली.

लोटूने त्या दिवशी मला दिले नाही. पण घरी येऊन त्याने मला खुंटीला अडकवले ते अडकवलेच. शोभाबाई रोज म्हणे, "परत काढा. जीव शे तवलोंग काढी ल्या."

"मनी नजर गयी, शोभा."

"नजर गयी? आज सकायले तांदूयमधला खडा कोन्ही येचात?"

ती अठरा दिवस मागत राहिली आणि एकोणिसाव्या दिवशी गेली. मी खुंटीवरून सगळे पाहिले. मधल्या काळात मिलमध्येही त्याने रंगाचे काम आपणहून सोडले, छटा चुकेल अशी भीती वाटते म्हणाला. आता तो कापडाचे तागे उचलत होता.

तेराव्यानंतर त्याने मला विजयसाहेबांकडे पोहोचते केले. तो जिना उतरला नसेल तोच साहेबांनी माझी लेन्स मला परत लावली. जोडी पूर्ण झाली! जुन्या कॅमेऱ्यांच्या एका प्रदर्शनात आमचे फार कौतुक झाले. मित्रांनो, इतके कौतुक मला कधी मिळाले नव्हते आणि इतकी लाजही कधी वाटली नव्हती.

पाच महिन्यांनी लोटू मला पाहायला आला. भिंतीवर माझ्यातून काढलेला अनुजाचा मोठा फोटो होता. पापणीचा केस न् केस मोजता येईल असा. लोटू त्याच्यापुढे कितीतरी वेळ उभा राहिला.

"साहेब, नजर असावी तर तुमच्यासारखी."

साहेब नुसते हसले. तेवढ्यात दारातून अनुजा म्हणाली, "काका, तुमचे डोळे चांगले आहेत. बाबांनी लेन्स बदलली होती. मी समोर बसले होते."

"अनुजा!" साहेब ओरडले. पण तिने कपाट उघडले, मला बाहेर काढले, लेन्स फिरवून उतरवली आणि आतले ४१७ लोटूला दाखवले. मग रडत रडत मला त्याच्या हातात ठेवले.

लोटूने साहेबांकडे पाहिलेच नाही. "मंग मनी नजर गयेल नव्हती," तो स्वतःशीच पुटपुटला. त्याचे बोट सवयीने माझ्या बटणावर गेले आणि तिथेच थांबले. "अठरा दिवस मागत होती ती, पोरी. मीच नाही म्हणत होतो."

त्याने मला टेबलावर ठेवले. "घ्या ना काका, तुमचाच आहे," अनुजा म्हणाली. "आता कोणाला काढू?" असे विचारून तो चपला घालून निघून गेला. नंतर तो कधी आला नाही.

मित्रांनो, माझी काच रोज पुसली जाते. दमट हवा लागू नये म्हणून कपाटात औषधाच्या पुड्या ठेवतात. वस्तूंची निगा राखावी हे मी तुम्हाला काय सांगू? माझी इथे उत्तम राखली जाते. मला सांगायचे आहे ते दुसरेच. तुमच्यासमोर कोणी कुणाची अशी फसवणूक करत असेल, तर त्याच दिवशी, त्याच टेबलावर बोला. समोरचा तुमचा बाप असला तरी बोला. मला बोलता येत नव्हते. अनुजाला येत होते.