डॉक्टरांनी थांबायला सांगितलंय

"हिचं लग्नबिग्न ठरतंय का कुठं?" कागदावरून मान न उचलता डॉक्टरांनी विचारलं. दर गुरुवारी हिंगोलीत बसणारे हे चामडीचे डॉक्टर.

पार्वतीबाईनं शेजारी बसलेल्या प्रियंकाकडे पाहिलं. एकोणीस वर्षांत तिच्या या लेकीबद्दल हे कोणी सरळ मनानं विचारलं नव्हतं. जन्मापासून दोन्ही हातांची बोटं जुळलेली, कपाळ उंच, डोळे बाहेर आलेले. त्यांच्या डोंगरकडा गावातले लोक विचारायचे, पण उत्तर माहीत असून विचारायचे.

"न्हाई जी. काहून?"

"पुटकुळ्यांवरच्या या गोळ्या चालू असताना दिवस राहिले तर बाळात व्यंग येतं. संपल्यावरही महिनाभर थांबायचं. तोवर लग्न नको."

अशा जन्मजात दोषात पुटकुळ्या चिवटच असतात, तोंडावर, पाठीवर, पार हातांवरसुद्धा, आणि मलमांना दाद देत नाहीत, असं ते पुढं सांगत होते. पार्वतीबाईनं चार वर्षं घरची हळद चोळली होती आणि आपलंच काही चुकतंय असं धरून बसली होती. आता मात्र तिचं लक्ष अर्धंच होतं.

परतताना एसटीत शेजारच्या बाईनं प्रियंकाला निरखून पाहिलं. "पोरीचं जमलं का कुठं?"

"डॉक्टरसायबानं थांबा म्हनलं," पार्वतीबाई म्हणाली. "गोळ्या चालू हायत. सध्या करता येत न्हाई."

बाईनं मान डोलावली आणि विषय संपला. पार्वतीबाईला इतकं हलकं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

मग ती सगळ्यांना तेच सांगू लागली. जावेला, हळद शिजवायला आलेल्या बायकांना, नणंदेकडच्या बारशात. प्रियंका ऐकायची आणि गोळ्यांनी फुटलेल्या ओठांना तूप लावत बसायची. गोळी मात्र रोज जेवणावर न चुकता घ्यायची.

गोळ्यांच्या सातव्या महिन्यात, २००४च्या पावसाळ्यात, डॉक्टरांनी तिचा चेहरा उजेडाकडे वळवला, बाह्या वर करायला लावल्या. कातडी स्वच्छ झाली होती.

"झालं. गोळ्या बंद. महिन्यानंतर लग्नालाही हरकत नाही."

पार्वतीबाई उठेना. "आनखी थोडे दिवस द्या ना, सायेब."

"आता काय गरज?"

ती पिशवी उचलून उठली.

बाहेर पायरीवर चपला घालताना प्रियंका म्हणाली, "आई, कोनाला काय कळून राहिलं? गोळ्या चालूच हायत म्हन."

पार्वतीबाईनं मान डोलावली. दोघी स्टँडकडे निघाल्या.