अर्धी दाढी

पक्षाघाताने वडिलांचा उजवा हात लुळा पडला, तेव्हा त्यांचं दाढी-कटिंगचं दुकान आता बंदच होणार असं सगळे धरून चालले. लेकीने मात्र सकाळी शटर वर केलं, आरसा पुसला आणि पाणी तापत ठेवलं. वडील भिंतीजवळच्या बाकावर बसून राहिले.

गिऱ्हाइकं दारातून डोकावायची, वडिलांची चौकशी करायची आणि काढता पाय घ्यायची. खुर्ची रिकामीच.

मग काका आले. त्यांना तिथे मोबाइलचं दुकान टाकायचं होतं. शेजारच्या चहावाल्याला ऐकू जाईल अशा बेताने ते म्हणाले, "बाईमाणसाच्या हातात गळा देणार कोण?"

"तुम्हीच द्या की, काका. बसा. नाहीतर घाबरलो म्हणा."

चहावाला दारात येऊन उभा राहिला. काकांना बसावंच लागलं.

तिने त्यांच्या तोंडावर गरम टॉवेल दाबून धरला. केस पाणी प्याले की मऊ पडतात. कोरड्या केसाला पातं अडतं आणि अडलेलं पातं कातडीत घुसतं. वस्तरा तिने चामड्याच्या पट्ट्यावर पात्याची पाठ पुढे ठेवून ओढला. मग दोन्ही गालांना फेस लावला, डाव्या हाताने गाल ताणला, पातं जवळजवळ आडवं टेकवलं आणि केसांच्या कलाने खाली नेलं. दाबलं अजिबात नाही. हे सगळं ती वडिलांच्याच गालावर शिकली होती. सुरुवातीला त्यांना कापलं की ते एवढंच म्हणत, "पातं उभं झालं. आडवं धर."

एक गाल लख्ख झाला. वस्तरा गळ्याकडे वळला आणि काका मुद्दाम खोकले. तिने पातं वेळेत उचललं. पुन्हा टेकवलं, तर त्यांनी मान झटकली.

तिने वस्तरा पुसला आणि मिटला.

"हे काय?"

"हलणाऱ्या माणसाच्या गळ्याला मी हात लावत नाही."

"मग मी काय अर्धी दाढी घेऊन फिरू?"

"फिरा, नाहीतर गप बसा. तुमचं तुम्ही ठरवा."

चहावाला फिसकन हसला. काका बाकाकडे वळले. "दादा, सांग ना हिला काहीतरी!"

वडिलांची जीभ अजून जड होती. एकेक शब्द जुळवत ते म्हणाले, "दुकान तिचं आहे. तिलाच सांग."

"बघून घेईन!" काका ताडकन उठले.

"बघा. पण गळ्यातला टॉवेल ठेवून जा."

टॉवेल खुर्चीवर आपटून ते भर बाजारातून निघाले, एका गालावर फेस तसाच. उरलेली अर्धी त्यांनी कुठे उरकली, ते विचारायची कोणाची छाती झाली नाही.

चहावाला हात पुसून खुर्चीत बसला. "माझीही अर्धीच करणार का गं?"

"हललात तर."

डोळे मिटून तो श्वासही जपून घेऊ लागला. काम झाल्यावर हनुवटीवरून हात फिरवत तो रस्त्याने चालला, तो दिसेल त्याला गाल दाखवतच.

पुढे पुढे बाकावर वाट बघणाऱ्यांची इतकी दाटी होऊ लागली, की वडिलांना अंग चोरून बसावं लागे. तक्रार मात्र त्यांनी कधी केली नाही.