टाकी फुल म्हणजे नेमकी किती

सर्जेरावांनी माझ्या दुकानातून दोनशे पानी रजिस्टर नेलं, तेव्हाच मी ओळखलं की त्यांच्या घरात कुणाची तरी आता खैर नाही. एसटीच्या डेपोत बावीस वर्षं त्यांनी एकच काम केलं: कुठला ड्रायव्हर एका लिटरात किती किलोमीटर काढतो ते लिहायचं. रिटायर झाल्यावर माणसं देवाला लागतात, तब्येतीला लागतात. हे अ‍ॅव्हरेजला लागले.

"कुणासाठी घ्यायलात, आप्पा?" मी विचारलं.

"गाडीसाठी."

"गाडीला वाचता येतं का?"

"तू आधी कव्हर घाल, कडुबाशेठ. चौकशा नको करू."

गाडी म्हणजे तेरा वर्षांची, पांढरी, छोटी ऑटोमॅटिक. गुडघे बोलायला लागले तेव्हा आप्पांनी ती सेकंडहँड घेतली. तिला क्लच नाही, डाव्या पायानं नुसतं बसून राहायचं. गल्लीतले लोक हिला 'पेन्शनरची गाडी' म्हणायचे. मग गेल्या वर्षी आप्पांची सून मेघा गच्चीच्या जिन्यावरून पडली, डाव्या घोट्यात पट्टी आणि सहा स्क्रू बसले, आणि गाडीला दुसरं गिऱ्हाईक मिळालं. मेघा दौलताबादच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. त्या पायानं स्कूटी सांभाळवत नाही, बसच्या पायऱ्या चढवत नाहीत, क्लच तर लांबच राहिला. गारखेड्यातून दौलताबादला जाऊन परत यायचं तर तिला ही एकच गाडी. गाडी नाही तर शाळा नाही, हिशेब इतका सरळ होता.

वाटणीही सरळ होती. सोमवार ते शुक्रवार गाडी मेघाची. शनिवार-रविवार आप्पांची, सोयगावजवळ त्यांचं शेत आहे, तिथं जायला. आणि डेपोच्या शिस्तीप्रमाणं दर वेळी 'चार्ज' घ्यायचा. म्हणजे ज्याच्या ताब्यात गाडी येणार, त्यानं आधी पंपावर जाऊन टाकी फुल करायची. जेवढे लिटर मावतील तेवढे आधीच्या ड्रायव्हरनं जाळले. त्याचा आकडा त्याच्या नावावर, आपला हप्ता कोऱ्या पाटीवरून सुरू. मला ही पद्धत ऐकून इतकी आवडली की मी दोन दिवस तीच लोकांना सांगत होतो.

पहिल्या हप्त्याचा निकाल आप्पांनी अंगणात उभं राहून वाचला. सुनेला ऐकू जावा आणि शेजारच्या अंगणात मलाही, अशा आवाजात.

"चालक मेघा. एकशे एक्क्याऐंशी किलोमीटर. सतरा पॉइंट एक लिटर. अ‍ॅव्हरेज दहा पॉइंट सहा."

"आणि चालक सर्जेराव?" मी कंपाउंडवरून विचारलं.

"दोनशे सोळा. साडेबारा लिटर." इथं त्यांनी चष्मा काढला. "सतरा पॉइंट तीन."

मेघा धुणं वाळत घालत होती. ती म्हणाली, "मामा, तुमचं हायवेचं, माझं सिग्नलचं."

"सिग्नल मला नाय लागत? सिल्लोडची गर्दी काय कमी हाय? एक-दोनचा फरक मी समजू शकतो. सातचा?"

त्यांच्या म्हणण्याला डेपोचा आधार होता. जो ड्रायव्हर रेस देऊन ब्रेक मारतो, त्याची गाडी तेल पिते आणि मग गिअरबॉक्स खाते. या गाडीचा गिअरबॉक्स गेला तर पार्ट मिळत नाही, मेकॅनिकनं हात जोडले होते. म्हणून आप्पांनी हुकूम काढला: अजून दोन हप्ते. बारा आले नाहीत तर चावी जमा. रजिस्टरच्या शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी लाल पेनानं लिहिलं, 'चालकास समज दिली.'

आतून आप्पांच्या बायकोचा, मनकर्णाबाईंचा आवाज आला, "त्या वहीलाच ताट वाढू का आता?"

मेघाचा नवरा सुदर्शन वाळूजच्या कंपनीत शिफ्टला जातो. तो हेल्मेट घालता घालता एवढंच म्हणाला, "मी मधे पडत नाही. माझी बाइक साठ देते." आणि गेला. काही माणसांना स्वतःचं अ‍ॅव्हरेज चांगलं असलं की जगात प्रश्नच उरत नाहीत.

मेघा मात्र चिडण्याऐवजी कोड्यात पडली. विज्ञानाची बाई. दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात शाळेच्या झेरॉक्स काढायला आली आणि म्हणाली, "कडुबाकाका, एकच गाडी एकाच हप्त्यात दोन वेगळ्या गाड्यांसारखी वागते. मला हे बघायचंय."

"सासऱ्याचं तोंड बंद करायचंय म्हण की."

"ते पण. पण आधी हे."

तिनं माझ्याकडून रद्दीचे दोन पेपर नेले, गाडीखाली अंथरले. सकाळी पेपर कोरडे. म्हणजे गळती नाही. चारी टायरांत हवा भरली. गिअरच्या दांड्यावर एक बारीक बटण असतं, ते चुकून दाबलं गेलं तर गाडी वरचा गिअर घेतच नाही. तेही तपासलं, ठीक होतं. मग अख्खा हप्ता एसी बंद. मार्च उतरत आला होता, मिटमिट्याच्या पुढं ऊन काचेतून मांडीवर बसायचं. शुक्रवारी ती घरी आली तेव्हा चेहरा भाजलेल्या वांग्यासारखा झाला होता, हे मी नाही, तिनं स्वतःच म्हटलं.

शनिवारी आप्पांनी चार्ज घेतला. दहा पॉइंट आठ.

"अख्खा एसी गेला आणि पॉइंट दोन आले," मेघा म्हणाली. तिच्या आवाजात राग कमी आणि आश्चर्य जास्त होतं. आप्पांनी लाल पेन काढलं. 'पुनश्च समज दिली.'

आता एकच हप्ता उरला. खरं सांगायचं तर तो आकडा मलाही झोंबला होता. मी बुधवारी दुकान तासभर उशिरा उघडायचं ठरवलं आणि आप्पांना म्हणालो, "डेपोत नुसता कागद बघून ड्रायव्हरला उतरवायचे का? कुणी शेजारी बसून बघायचं नाही?"

"बघायचे की. मीच बसायचो."

"मग बसा."

बसले. मी मागच्या सीटवर, साक्षीला. आप्पांनी पेन्सिल आणि पुठ्ठा घेतला. प्रत्येक ब्रेकला एक रेघ. छावणीतून निघालो, पडेगाव गेलं, मिटमिटा गेलं. मेघा पुढचा रिक्षावाला काय करणार हे त्याच्याआधी ओळखायची आणि पाय नुसता उचलायची. शरणापूर फाट्यापर्यंत आप्पा पेन्सिल धरून, शिकारीला बसल्यासारखे बसले होते. दौलताबादच्या दरवाजाच्या कमानीत समोरून ट्रॅव्हल्सची बस आली, तिथंही हिनं आधीच गाडी सोडून दिली होती, सरकत सरकत थांबली. शाळेपाशी आप्पांनी रेघा मोजल्या. एकतीस.

"अठरा किलोमीटरला एकतीस," ते हळूच म्हणाले. "डेपोत इतकं मऊ चालवणारे दोन ड्रायव्हर होते. एक वारला."

"मग मामा, दहा पॉइंट आठ कसे?" मेघानं विचारलं.

आप्पांनी पुठ्ठ्यावरच्या रेघा पुन्हा मोजल्या. येताना आम्ही काळीपिवळीत कोंबून बसलो होतो तेव्हा ते एकदाच म्हणाले, "आकडा खोटं बोलत नाय, कडुबा. आणि पोरगी चांगली चालवती. दोन्ही खरं कसं असंल?" मला बरं वाटलं. पहिल्यांदाच त्यांनी प्रश्नाला प्रश्न म्हणून बघितलं होतं.

तिसऱ्या शनिवारी मेघा म्हणाली, "आज मी पण पंपावर येते. निकाल लागताना समोर असते." एरवी आप्पा सहाला निघून जायचे, ती उठायच्या आत. आणि सोमवारी ती शाळेला जाता जाता पेट्रोल भरायची, तेव्हा आप्पा अंघोळीला. दोघांनी एकमेकांना पंपावर कधी बघितलंच नव्हतं. हे तेव्हा माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

पंपापर्यंत मेघानं चालवली, मी पुन्हा साक्षीला मागं. तीन हप्त्यांतला शेवटचा आकडा, एकशे चौऱ्याऐंशी किलोमीटर. पंपावरच्या बाईनं नोझल लावलं. मीटर पळत गेलं आणि खट्ट करून थांबलं. चौदा पॉइंट आठ.

मेघाचे ओठ हलले. मीही मनात भागाकार केला. बारा पॉइंट चार! मी टाळी वाजवायला हात वर केले, तर आप्पा गाडीच्या मागं जाऊन उभे.

"काका, कट झाला," बाई म्हणाली.

"झाला तर होऊ दे. बसू दे जरा." आणि त्यांनी डिकीला कंबर लावली आणि गाडी हलवायला सुरुवात केली. पाळणा हलवतात तशी. आतून बुडबुड आवाज आला. "हां. सोड आता."

अर्धा लिटर गेलं. पुन्हा खट्ट. पुन्हा पाळणा. "कडुबाशेठ, बघत काय उभा? लाव की जोर!" आणि मी लावला, माणूस हाक मारतो तेव्हा मी विचार नंतर करतो.

"काका, वाफेला जागा लागते," बाई कुरकुरली. "इतकं भरत नसतात."

"मला शिकवू नको, बाई. फुल म्हणजे फुल. तोंडाशी दिसलं पायजे."

तोंडाशी दिसलं तेव्हा मीटर सतरा पॉइंट चारवर होतं. आप्पांनी फोनवर भागाकार केला. दहा पॉइंट सहा. त्यांना आनंद झाला नाही, हे मी त्यांच्या बाजूनं नोंदवतो. त्यांनी चावीसाठी हात पुढं केला, पण नजर दुसरीकडंच होती.

मेघानं चावी दिली नाही. "मामा, तुम्ही दर शनिवारी असंच भरता?"

"व्हय. तू कसं भरती?"

"पहिल्यांदा खट्ट झालं की थांबते."

आप्पांनी 'मग?' असं तोंड केलं. मग कळायला लागलं. ते चढत गेलं तसं त्यांच्या कपाळावर दिसत होतं. तरी मेघानं शेजारच्या टपरीवरून दोन ग्लास चहा मागवला, एक काठोकाठ, दुसरा दोन बोटं कमी.

"सोमवारी मी गाडी घेते ती इथपर्यंत भरून." कमी ग्लास. "शनिवारी तुम्ही माझा हिशेब मिटवता तो इथपर्यंत भरून." काठोकाठ. "मधलं मी जाळलंच नाही, ते माझ्या नावावर. आणि तुमचा हप्ता काठोकाठ सुरू होतो, पण मी मिटवते ते कमी भरून. तेवढं तुमच्या नावावरून गायब. चौदा पॉइंट आठ आणि सतरा पॉइंट चार. दोन पॉइंट सहा लिटर, दर हप्त्याला."

मी विचारलं, "पण डेपोत कसं चालायचं मग?"

आप्पांनी दोन्ही ग्लास जवळजवळ ठेवून बघितले. मग म्हणाले, "डेपोत सांडू नावाचा गडी डिझेल भरायचा. बावीस वर्षं एकच माणूस, एकच हात. कुणाचीबी गाडी असू दे, सांडूचं फुल तेच फुल." त्यांनी कमी भरलेला ग्लास उचलला. "मी रजिस्टर घरी आणलं. सांडूला आणायचं राहिलं."

रजिस्टर गाडीतच होतं. बॉनेटवर ठेवून त्यांनी तिन्ही हप्ते नव्यानं मांडले. मेघा साडेबाराच्या आसपास. आणि चालक सर्जेराव, साडेबारा लिटरात दोन पॉइंट सहा मिळवून, पंधरा पॉइंट एक. अ‍ॅव्हरेज चौदा पॉइंट तीन. दोघांची बेरीज करून बघितली तर गाडी साडेतेराच्या आसपासच देत होती. बेरीज पहिल्यापासून खरी होती, वाटणी तेवढी खोटी.

"हायवेला चौदा," मी म्हणालो. "सतराची पार्टी परत घ्यावी लागणार, आप्पा." त्यांनी दोन हप्त्यांपूर्वी त्या आनंदात मला भजी खाऊ घातली होती.

"भजी पचली आता," ते म्हणाले. मग मेघाकडं वळले. "सोमवार ते शुक्रवार चावी तुझ्याकडंच राहू दे. आणि ऐक. आजपासून दोन्ही वेळचं पेट्रोल तूच भरायचं. शनिवारचंबी. या गाडीची सांडू तू."

"शनिवारी सहाला उठावं लागेल मला."

"सात. मी थांबतो."

सहाला शेतावर निघणारा माणूस सातपर्यंत थांबायला तयार झाला, ही मी त्यांची माफी समजलो. मेघानं रजिस्टर ओढून घेतलं. लाल पेनानं स्वतःच्या नावापुढचे दोन्ही शेरे खोडले, एका सरळ रेघेत, खालचं वाचता येईल असे. सरकारी कागद तसाच खोडतात हे तिलाही माहीत होतं. मग चालक सर्जेराव यांच्यापुढं लिहिलं: 'समज दिली.'

आप्पांनी ते वाचलं, सही केली आणि सोयगावला निघायच्या आधी आम्हाला घरी सोडायला स्टिअरिंगवर बसले. दोन किलोमीटर अंतर. मी मागच्या सीटवर सवयीनं मोजत होतो. चौदा ब्रेक. उतरताना मी बोलणार होतो, पण मेघानं आरशातून माझ्याकडं बघून मान हलवली, आणि मी तो आकडा आजवर कुठं लिहिलेला नाही.

सोमवारी आप्पा दुकानात आले. "कडुबाशेठ, एसी बंद केला तर पॉइंट दोनच आले. खरंच एवढंच असंल, का तेबी मोजण्यातलं? उन्हाळ्यात एक हप्ता चालू, एक हप्ता बंद, असं करून बघावं म्हणतो."

"अजून एक रजिस्टर देऊ?"

"नको. ग्राफचा कागद दे. मेघानं सांगितलंय."