हात वर

हेमराज कॉलेजात रोमचा इतिहास शिकवायचा आणि दरवर्षी ब्रूटसपाशी आला की त्याचा आवाज चढायचा. "सीझरला मारणाऱ्या कटवाल्यांना ब्रूटसचा खंजीर नको होता," तो मुलांना सांगायचा, "त्याचं चांगलं नाव हवं होतं. भला माणूस पुढे असला की पापही पुण्य दिसतं." लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते काही उगीच नाही.

कारण त्या उन्हाळ्यात चंपतराव त्याच्या हुडकेश्वरच्या घरी आला तो नेमकं त्याचं चांगलं नाव मागायला. विणकर समाजाच्या मंडळाचे अध्यक्ष बाबनराव आता थकले होते, कानांनी अधू झाले होते, पण समाजाचं सभागृह बिल्डरला द्यायला काही केल्या तयार नव्हते. म्हणून मंडळातल्या चंपतरावाच्या गटाला त्यांना खुर्चीवरून उतरवायचं होतं.

"पयले तू हात वर कर गा मास्तर. तुह्याकडे पाहून बाकीचे करतीन. आम्ही केला तर लोकं जोडे मारतीन."

बाप मेल्यावर ज्या बाबनरावांनी हेमराजला स्वतःच्या घरी ठेवून शिकवलं, त्यांच्याविरुद्ध! हेमराजला अन्न गोड लागेना. मग समाजाचं भलं, नव्या पिढीची सोय, असं काहीबाही सांगून त्यानं मनाची समजूत घातली. शिकलेल्या माणसाला कारणांचा काय तोटा?

सभेत कूलर घरघरत होता. चंपतरावानं अविश्वासाचा ठराव खालच्या आवाजात भरभर वाचला. हेमराजनं मान खाली घालून हात वर केला.

बाबनरावांना ठरावातलं अक्षरही ऐकू आलं नव्हतं. या सभेत बोलायचं असलं तरी हातच वर करत. आपल्या पोराचा हात पाहून म्हाताऱ्याचा चेहरा खुलला. त्यांनी टेबलावर थाप मारली.

"चूप बसा गा सारे! हेमराजले बोलू द्या."

सभा गप्प झाली. दुसरा एकही हात वर नव्हता. हेमराज अजूनही हात खाली घेऊ शकला असता. चंपतराव खाकरला.

"काका, बोलाचं नाही," हेमराज पुटपुटला. "मत हाय."

"का म्हणतं? जोरानं बोल गा बाप्पा, मले आयकू नाही येऊन राहिलं."

कुणीतरी कूलर बंद केला. हेमराजला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण भर सभेत ओरडून सांगावंच लागलं.

"काका, तुमाले काढाचं मत हाय!"

 हात मोजायचं काम अध्यक्षांचंच असल्यामुळे बाबनरावांनी त्याच्या हाताकडे बोट उचललं.

"एक," ते म्हणाले.