बानाबाईच्या घराला गाडी

कडूबानं शेडचं शटर वर केलं आणि वच्छला क्षणभर दारातच थांबली. चिकलठाण्यातल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये अठरा फुटांचं घर चार चाकांवर उभं होतं. आत दोन पलंग, गॅसचा ओटा, पाण्याची टाकी, मागं कोकरांसाठी जाळीचा कप्पा. दोन महिने कडूबा त्यावर वेल्डिंग करत होता.

"तुझं घर झालं," तो हात पुसत म्हणाला. "आता ते ओढणार कोण?"

"ते माझ्यावर सोड."

हे घर वच्छलाच्या आईवडिलांसाठी होतं. आप्पा आणि बानाबाई दर दिवाळीनंतर दीडशे मेंढ्या घेऊन लासूर स्टेशनच्या माळावरून निघत आणि गोदावरीच्या काठाकाठानं पावसाळ्याच्या तोंडापर्यंत फिरत. घोड्याच्या पाठीवर बिऱ्हाड, रोज नवा मुक्काम. पण गेल्या वर्षी ओढा उतरताना बानाबाई पडली, खुबा मोडला आणि डॉक्टरांनी आत सळई बसवली. कळपामागं चालणं बंद, घोड्यावर बसणं तर नावच नको. वच्छलानं तिला मुकुंदवाडीच्या आपल्या घरी आणलं. चार महिन्यांत म्हातारी वाळून गेली.

"इथं मला कायबी दुखत नाय," ती म्हणायची, "पर इथं मी कुणाला काय लागते? तिकडं दीडशे जनावरं माझ्या आवाजानं उठत्यात."

तेव्हा वच्छलानं ठरवलं. माय चालू शकत नसेल तर घरानं तिच्याबरोबर चालायचं.

वच्छलाचं वय सत्तेचाळीस. बावीस वर्षं ती चिकलठाण्याच्याच एका कारखान्यात ब्रेकचे लायनर तपासायच्या विभागात होती. फोर्कलिफ्ट चालवणारी तिथली पहिली बाई. कारखान्यानं माणसं कमी केली तेव्हा तिनं आपणहून नोकरी सोडली. नवरा पाटबंधारे खात्यात. गाडीत बसला की पाचव्या मिनिटाला झोपणारा माणूस. त्यामुळं गाडीचा निर्णय आपोआप तिच्याकडंच आला.

जालना रोडच्या एका शोरूममध्ये तिला पांढरी, चकचकीत पिकअप दाखवली गेली. सेल्समन तरतरीत होता.

"मॅडम, दीड टन माल आरामात नेते. तुमचं घर काय, बंगला ओढेल."

"पाठीवर दीड टन नेते, हे कळलं. मागं बांधून किती ओढते, ते कुठं लिहिलंय?"

त्यानं पुस्तिका चाळली. मालाचा आकडा होता, इंजिनचा होता, ओढायच्या वजनाचा नव्हता.

"ते लिहीत नाहीत, मॅडम. पण ओढते. हुक लावलेली आमची एक गाडी आहे, पाहिजे तर घाटात नेऊन बघा."

"बघणारच आहे," वच्छला म्हणाली. "आधी घराचं वजन करते."

कडूबाच्या हिशेबानं घर सोळाशे किलोचं. पण काट्यावर न्यायच्या दिवशी बानाबाई काठी टेकत शेडमध्ये आली आणि आत डोकावून हसली.

"रिकामं घर तोलून काय करता गं? आम्ही काय रिकाम्या घरात राहणार हाय?"

मग तिनं एकेक वस्तू सांगून भरायला लावली. टाकी काठोकाठ. ज्वारीची पोती, मेंढ्यांची पेंड, गॅसच्या टाक्या, अंथरुणं, औषधांचा डबा, मेंढ्यांभोवती लावायची जाळी आणि तिच्या मेखा. कोकरं काही शेडमध्ये नव्हती; त्यांच्या बदली कडूबानं वाळूच्या गोण्या ठेवल्या. ट्रॅक्टरनं घर वजनकाट्यावर नेलं. आकडा आला दोन हजार तीनशे ऐंशी.

कडूबानं डोकं खाजवलं. "आठशे किलो वाढले की!"

"वाढले नाय," बानाबाई म्हणाली. "व्हतेच. तुला दिसत नव्हते."

त्याच भरलेल्या घराला पांढरी पिकअप जोडून वच्छला चौक्याच्या घाटात गेली. शेजारी सेल्समन. चढावर गाडीनं कुरकुर केली, पण चढली. सेल्समननं अंगठा दाखवला. वर वळून वच्छला उतरायला लागली, आणि दुसऱ्याच वळणाला तिला पाठीमागून ढकलल्यासारखं झालं. गाडीचा मागचा भाग दबला होता, पुढची चाकं हलकी झाली होती, स्टीअरिंग हातात नुसतंच फिरत होतं. ब्रेक दाबला की घर आधी धक्का द्यायचं आणि मग थांबायचं. तिनं दुसरा गिअर टाकला, वेग माणसाच्या चालीवर आणला आणि पहिली रुंद जागा दिसताच गाडी बाजूला घेतली. खाली उतरून चाकापाशी वाकली. जळक्या लायनरचा तो वास तिनं बावीस वर्षं घेतला होता.

"पण चढली ना मॅडम!" सेल्समन म्हणाला.

"चढली. उतरताना मात्र घर गाडी चालवत होतं, मी नाय." ती दगडावर बसली. "अर्धा तास थंड होऊ दे. मग तुमची गाडी सावकाश खाली नेऊन देते. आणि ही मला नको."

तिला तीन गोष्टी पक्क्या कळल्या होत्या. गाडी स्वतः वजनदार पाहिजे. तिच्या कागदावर ओढायचा आकडा पाहिजे, आणि तो दोन हजार तीनशे ऐंशीच्या बराच वर पाहिजे. आणि घराला स्वतःचे ब्रेक पाहिजेत. तिसरं काम तिनं लगेच कडूबाला सांगितलं: चारही चाकांना ब्रेक, गाडीतल्या ब्रेकबरोबर लागणारे. लायनर तिनं स्वतः निवडले.

गाडी सापडली लासूरला, नानासाहेबांच्या गोठ्यात. नानासाहेब म्हणजे तिथले मोठे बागायतदार. आप्पाच्या मेंढ्या वीस वर्षं त्यांच्या रानात खतासाठी बसत. त्यांची नऊ वर्षांची करडी पिकअप पूर्वी बोअरच्या मशीनचा कॉम्प्रेसर ओढायची. धंदा बंद झाल्यापासून ती ताडपत्रीखाली होती. कागदावर ओढायचं वजन तीन हजार किलो, चारही चाकांना जोर. वच्छलानं चेसीखाली झोपून टॉर्चनं बघितलं. गंज वरवरचा होता, सांधे शाबूत होते.

नानासाहेबांचा मात्र जीव त्या गाडीत अडकलेला. "विकायची नाय असं नाय," ते मिशी चाचपत म्हणाले. "पर ही लई जड गाडी हाय, पोरी. बाईमाणसाला नाय झेपायची. माझ्या ड्रायव्हरला घाम फुटायचा."

"मग तुम्हीच बसा शेजारी, नानासाहेब. घाटातून खाली आणून दाखवते. झेपली नाय असं तुम्हाला वाटलं तर मी परत मागायला येणार नाय."

ठरल्या दिवशी नानासाहेबांनी गाडी शेडवर आणली आणि भरलेलं घर तिला जोडलं. आप्पाही त्या दिवशी लासूरहून रेल्वेनं मुकुंदवाडीला उतरले आणि चालत शेडवर आले. बोलायला कमी माणूस. ते मागच्या सीटवर फेटा सावरत बसले.

शहर सोडून वेग वाढला तसं घर मागं डुलायला लागलं. आधी थोडं, मग आरशात दिसण्याइतकं.

"म्हटलं व्हतं ना!" नानासाहेबांनी डॅशबोर्ड धरला.

वच्छलानं ब्रेकला पाय लावला नाही. ॲक्सिलरेटर सोडला, स्टीअरिंग सरळ धरलं, आणि डुलणं थांबल्यावर गाडी कडेला घेतली. सगळे खाली उतरले. आप्पा घराभोवती एक फेरी मारून आले.

"पोती मागं कुणी टाकली?"

"मी," वच्छला म्हणाली. "कोकरांच्या कप्प्यापाशी जागा होती."

"घोड्यावर असं लादलं तर घोडा दोन कोसात लंगडा व्हतो. जड ते मधी, जरासं पुढं."

दोघांनी मिळून पोती चाकांच्या वर आणि थोडी पुढच्या अंगाला लावली. पुढची दांडी हुकावर नीट दाबून बसली. पुन्हा निघाल्यावर घर सरळ रेषेत चाललं, जणू गाडीचाच भाग.

घाट चढताना इंजिन एका सुरात वाजत होतं. माथ्यावरून वळून वच्छलानं उताराआधीच गिअर खाली आणला. पहिलं वळण. ब्रेक हलकेच, घराचे ब्रेकही त्याच क्षणी लागले. मागून धक्का नाही. दुसरं वळण, तिसरं. समोरून उसाचा ट्रक आला, तिनं वेळेत कड घेतली आणि थांबून त्याला वाट दिली. थांबली ती जागच्या जागी. नानासाहेबांचा हात डॅशबोर्डवरून कधी मांडीवर आला, त्यांनाही कळलं नसावं.

पायथ्याशी त्यांनी स्वतः खाली उतरून चाकाला हात लावला. कोमट होतं.

"माझ्या ड्रायव्हरला गाडी येत नव्हती म्हणायची," ते म्हणाले. मग बॉनेटवर थाप मारून, "गाडी ने. पर एक सांगतो. हिचं तेल दर पाच हजाराला बदल. मी कधी चुकवलं नाय."

"नाय चुकवणार."

दिवाळी झाली आणि चौथ्या दिवशी मेंढ्या निघाल्या. आप्पा नेहमीसारखे पायी, खांद्यावर घोंगडी. करडी गाडी दोन दिवसांनी दुपारी सुटली. बानाबाईला वच्छलानं पुढच्या सीटवर बसवलं, कमरेमागं उशी दिली. गंगापूरच्या पुढं गोदावरीकाठी ठरलेल्या रानात ती कळपाच्या आधी पोचली. चाकांना दगड लावले, पायरी खाली सोडली. बानाबाई काठीवर भार देत तीन पायऱ्या चढली, ओट्यासमोर उभी राहिली आणि पीठ कुठं ठेवलंय ते विचारलं.

ऊन कलताना धूळ दिसली. बानाबाई दारात आली आणि तिनं गळ्यातून आपली ती लांब हाक काढली. पुढच्या मेंढ्यांनी कान टवकारले, मग सगळा कळप त्या पांढऱ्या घराकडं वळला.

आप्पांनी आल्या आल्या घराभोवती फेरी मारली, दगड पायानं दाबून बघितले. वच्छलानं त्यांना आतला पलंग दाखवला.

"मी बाहेरच निजतो," ते म्हणाले. "कोकरं आत घाल. चार नवी झालीत वाटंत."

ती पिशवीत घालून आणलेली ओली कोकरं वच्छलानं एकेक करून कप्प्यात ठेवली. आतून बानाबाई ओरडली, "दार लावून घे गं, वारं लागंल त्यांना. आणि उद्या मला ती गाडी चालू कशी करतात ते दाव."

"माय, तुझा खुबा!"

"पाय लावीन असं कुठं म्हटलं मी? चावी कुठं लावायची ते दाव."