माझी बाजू, तुमची बाजू

मी घरगाडी बोलतेय. पत्र्याच्या कुंपणाआड, चाकं गवतात बुडालेली, एका अंगाला भला मोठा पोचा पडलेली जी लांबोडकी पांढरी गाडी दिसते, ती मीच. येणारे-जाणारे मला भंगार समजतात. समजू देत. भंगारात दोन माणसांचा बिछाना, दोन शेगड्या, भांडी घासायला मोरी आणि हाताने शिवलेले पडदे नसतात. माझ्यात हे सगळं अजून जागच्या जागी आहे.

जन्मतः मी काही घर नव्हते. पावाच्या भट्टीवाल्याने मला घेतलं आणि बारा वर्षं माझ्यातून पाव वाहिले. माणूस म्हणून माझ्यात एकटा ड्रायव्हर, तोही दुकान आलं की उडी मारून उतरायचा. बाकी सगळे ट्रे. पावांशी काय बोलणार? पण तेव्हा मला एकटेपणा कळत नव्हता, कारण दुसरं काही पाहिलंच नव्हतं.

मग भट्टीवाल्याने नव्या गाड्या आणल्या आणि मी लिफ्टमनच्या दारात आले. लिफ्टमन एका मोठ्या इस्पितळातली लिफ्ट चालवायचे. चौतीस वर्षं ते एका बिनखिडकीच्या पेटीत स्टुलावर बसून वर-खाली करत होते. निवृत्त झाल्यावर पहिल्याच आठवड्यात ते बायकोला म्हणाले, "आयुष्यभर उभा प्रवास केला. आता आडवा करायचाय."

बायको त्याच इस्पितळात चादरी-कपड्यांची कोठी सांभाळायची. तिथे सगळे तिला बाई म्हणायचे, म्हणून मीही बाईच म्हणते. बाई म्हणाल्या, "आडवा म्हणजे झोपून ना? मग तो घरीच होतो." पण तीन दिवसांनी त्याच मोजपट्टी घेऊन माझ्यात शिरल्या आणि बिछाना कुठे बसेल ते मोजायला लागल्या.

सुताराचं काम चार महिने चाललं. त्याने विचारलं, "न्हाणीघर केवढं ठेवू?"

"आमच्या लिफ्टएवढं पुरे," लिफ्टमन म्हणाले. प्रत्यक्षात ते लिफ्टच्या निम्मंच झालं. आत गेल्यावर त्यांना वळता यायचं नाही, म्हणून बाहेर येताना ते पाठमोरे यायचे.

दोघांनी राहतं घर सोडलं तेव्हा लेक फार चिडली. "लोकांचे आईबाप म्हातारपणी घराला मजला चढवतात, माझे चाकं लावतात," असं ती नवऱ्याला म्हणाली. जावई समजूतदार माणूस. तो नुसता "हं" म्हणाला आणि माझ्या चाकांतली हवा तपासत बसला.

आणि आम्ही निघालो. स्वातंत्र्य, स्वातंत्र्य म्हणतात ते मी जवळून पाहिलंय. सकाळी दार उघडलं की समोर काय असेल ते कालपर्यंत ठाऊक नसायचं. कधी तळं, कधी सूर्यफुलांचं शेत, कधी सिमेंटच्या कारखान्याची भिंत. लिफ्टमन भिंतीकडेही कौतुकाने बघायचे. इथे राहायचं की निघायचं हे चहा पिता पिता ठरायचं, आणि कुणाला विचारायला जावं लागायचं नाही. चौतीस वर्षं दुसऱ्यांनी सांगितलेल्या मजल्यावर थांबलेल्या माणसाला याची किंमत विचारा.

पण फोटोत जे येत नाही तेही सांगते. पिण्याच्या पाण्याची टाकी फार लवकर रिकामी होते आणि सांडपाण्याची फार लवकर भरते. संडासाची पेटी दर तीन दिवसांनी हाताने नेऊन ओतावी लागते. ती घेऊन निघताना लिफ्टमन शर्टाची बटणं लावायचे आणि म्हणायचे, "ऑफिसला जाऊन येतो." निघताना प्रत्येक कप्प्याला कडी घातली नाही, तर पहिल्याच वळणावर डाळ जमिनीवर. आणि रुसायला दुसरी खोली नाही. बाई रुसल्या की पुढे ड्रायव्हरशेजारच्या खुर्चीत जाऊन बसायच्या आणि मधला पडदा ओढून घ्यायच्या. जरा वेळाने पडद्याखालून चहाचा कप आत सरकायचा. बाई तो घ्यायच्या, बोलायच्या मात्र नाहीत. दुसरा कप आला की बोलायच्या.

या आयुष्यात शेजार असतो, पण चार दिवसांचा. घरगाड्यांच्या तळावर आज कुणी भाजीची वाटी देऊन जातं, आणि परवा वाटी घासून परत करायला जावं तर तिथे नुसते चाकांचे ठसे. बाईंकडे अशा परक्या सात वाट्या जमल्या होत्या. "फोन करा हं," असं सगळ्या एकमेकींना सांगायच्या. बाईंनी एकदा दोघींना केलाही. एकीला त्यांचा आवाज ओळखू आला नाही. तेव्हा बाई जराशा हिरमुसल्या, पण गाडीत दुसरं माणूस होतं, त्यामुळे निभावलं.

आता मुख्य गोष्ट सांगते. मला मागे घेणं हे मोठं अवघड काम. मी लांब, माझी मागची काच जेमतेम ताटाएवढी, आणि लिफ्टमनना चौतीस वर्षांत वळण कधी घ्यावं लागलं नव्हतं. म्हणून बाई उतरून मागे उभ्या राहायच्या. कधी त्या माझ्याकडे तोंड करून उभ्या, कधी मागच्या झाडाकडे. तोंड फिरलं की त्यांचं डावं-उजवंही फिरायचं. पहिल्या महिन्यात मी एक कचराकुंडी, एक गुलाबाचं रोप आणि एका सद्गृहस्थांची सायकल यांना धडकले. सायकलीनंतर दोघं दोन तास बोलत नव्हती.

शेवटी बाईंनीच तोडगा काढला. डावं नाही, उजवं नाही. लिफ्टमन बसतात ती त्यांची बाजू, आणि शेजारच्या खुर्चीत बाई बसतात ती बाईंची. तोंड कुठेही असो, खुर्च्या काही फिरत नाहीत. मग सगळं सुरळीत झालं. "येऊ द्या, येऊ द्या, जरा माझ्या बाजूला. आता तुमच्या. बास." साडेपाच वर्षं मी हीच भाषा ऐकली. पुढेपुढे ती माझ्यापुरती राहिली नाही. बिछान्यात, रस्ता ओलांडताना, दुकानात रांगेत उभं राहतानाही बाई आपल्या ठरलेल्या बाजूलाच असायच्या. लिफ्टमन सांगायचे, "अगं, चष्मा तुझ्या बाजूला राहिला बघ," आणि तो तिथेच असायचा.

सहाव्या वर्षी आम्ही एका धरणाजवळच्या तळावर होतो. सकाळची वेळ होती. लिफ्टमन बाहेर घडीच्या खुर्चीत बसून बूट घालत होते. बाई पलीकडे नळापाशी गेल्या होत्या, नळी माझ्या टाकीत सोडून. बऱ्याच वेळाने त्यांनी हाक मारली, "अहो, भरली का? बंद करू?"

उत्तर आलं नाही. टाकी केव्हाच भरली होती. पाणी माझ्या अंगावरून ओघळून खाली खुर्चीपर्यंत गेलं होतं, आणि एका पायात बूट घातलेले लिफ्टमन त्या पाण्यात पाय ठेवून बसले होते. मान कलली होती. मला दिसत होतं. हॉर्न माझ्यात आहे, दिवे आहेत, पण यातलं काहीही मला माझ्या मनाने वाजवता किंवा लावता येत नाही. बाई रागावून, "ऐकू येत नाही का हो," म्हणत माझ्यामागून वळल्या आणि मग थांबल्या.

तळावरच्या सगळ्या गाड्यांमधून माणसं धावली. कुणी डॉक्टर आणला, कुणी बाईंना धरून बसलं, लेक-जावई दुपारी पोचले. ती माणसं खरोखर चांगली होती. पण आठवडाभरात तीही सगळी पुढे गेली, आणि मी तिथे कुलूप लावलेली दीड महिना उभी राहिले.

लेकीने आईला घरी नेलं होतं. तिथल्या दीड महिन्यात बाईंनी एकच काम केलं, गाडी शिकायचं. आणि एके दिवशी नवीन लायसन पर्समध्ये घेऊन त्या बसने एकट्याच माझ्यापाशी आल्या. लेकीचा फोन आला. "आई, तू असं न सांगता निघून जातेस? अगं, आपलं घर आहे ना इथे?"

"तुझं घर छानच आहे गं," बाई म्हणाल्या. "पण हे तिथे कुठे आहेत? ते या गाडीत आहेत. मी त्यांना तळावर कुलूपबंद ठेवून कशी राहू?"

त्यानंतर अकरा महिने आम्ही दोघीच फिरलो. बाई लिफ्टमनच्या खुर्चीत बसायच्या आणि शेजारच्या खुर्चीत पाण्याचा कॅन पट्टा बांधून ठेवायच्या. हळू चालवायच्या. मागचे हॉर्न वाजवायचे, बाई म्हणायच्या, "जा बाबांनो, जा." संडासाची पेटी स्वतः न्यायच्या, काही न बोलता. काही दिवस असे जायचे की सबंध दिवसात बाईंच्या तोंडून दुकानदाराला म्हटलेलं "थँक्यू" एवढा एकच शब्द निघायचा. मी त्यांचे शब्द मोजायला लागले होते. समोर तेच तळं असायचं, तीच सूर्यफुलं असायची. दार उघडून बाई बघायच्या, मान अर्धी आत वळवायच्या, आणि तशाच थांबायच्या. मी त्यांना हवी होते आणि मी त्यांना पुरत नव्हते. दोन्ही मला कळत होतं.

मागे घ्यायला लागू नये म्हणून त्या पुढून शिरून पुढूनच निघता येईल अशी जागा शोधत. एका दुपारी मात्र तळ भरलेला होता. एकच जागा उरली होती, कोपऱ्यात, आणि तिच्या एका बाजूला पाण्याचा नळ. राखणदार चांगला माणूस होता. "या बाई, मी दाखवतो," म्हणून तो मागे उभा राहिला. "येऊ द्या, येऊ द्या."

वर्षभराने ते शब्द कानावर पडले.

"येऊ द्या, येऊ द्या. थोडी तुमच्या बाजूला घ्या."

राखणदाराचं काही चुकलं नाही. ड्रायव्हरची बाजू ती ड्रायव्हरची बाजू. पण बाईंची बाजू साडेसहा वर्षं एकच होती, शेजारच्या खुर्चीची. त्यांनी चाक तिकडे फिरवलं.

"तुमच्या, तुमच्या," राखणदार ओरडला. बाईंनी आणखी फिरवलं. नळाचा खांब माझ्या कुशीत शिरला. ओट्याचा कप्पा फुटला, दार चेपलं आणि नळापाशी बादली भरत असलेले एक म्हातारे गृहस्थ दोन हात मागे पडले. त्यांना लागलं नाही. बादलीचा मात्र पापड झाला.

राखणदाराने त्यांना उठवून बसवलं आणि तो खिडकीशी आला. "बाई, अहो, मी तुमच्या बाजूला म्हणत होतो."

"माझी बाजू तिकडे आहे," बाई शेजारच्या खुर्चीकडे बोट करून म्हणाल्या. राखणदार पाण्याच्या कॅनकडे बघत राहिला. त्याला काय कळणार?

बाई उतरल्या. आधी त्या म्हाताऱ्या गृहस्थांजवळ जाऊन बसल्या, त्यांचे हातपाय दाबून पाहिले, इस्पितळात शोभेल अशा आवाजात चौकशी केली. मग माझ्या पायरीवर बसून लेकीला फोन लावला. "मला न्यायला ये," एवढंच म्हणाल्या. किल्ली त्यांनी त्याच दिवशी जावयाच्या हातात दिली. कुणी मागितली नव्हती.

जावयाने मला ओढून या मोकळ्या प्लॉटवर आणून उभं केलं. त्याला आता चार वर्षं होतील. पहिल्या वर्षी बाई दर शुक्रवारी दुपारी यायच्या. दार चेपलेलं, म्हणून पुढच्या दाराने वाकून आत शिरायच्या, केर काढायच्या, पडदे झटकायच्या आणि लिफ्टमनशी बोलायच्या. नातीला शाळेत बक्षीस मिळालं, गुडघ्यावर नवीन गोळी सुरू झाली, असलंच काहीबाही. दुसऱ्या वर्षी महिन्यातून एकदा. दोनदा गिऱ्हाईक आलं. एका जोडप्याने तर आत बसून भांडण सुरूही केलं, ओटा कुठे हलवायचा यावरून, आणि मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. पण बाईंनी मान हलवली. "नको गं विकायला. हे आहेत तिच्यात."

गेल्या महिन्यात बाई आल्या त्या आठ महिन्यांनी. शेजारी बांधकाम निघालंय, तिथल्या नव्या वॉचमनने त्यांना हटकलं. "कोण पाहिजे? कुठे राहता तुम्ही?"

"लेकीकडे," बाई म्हणाल्या. जराही न अडखळता. मग माझ्याकडे बघून दचकल्या, चोरी पकडल्यासारख्या, आणि घाईघाईने आत येऊन एकट्याच सांगत बसल्या, "अहो, तसं नाही. सहज म्हटलं मी."

बाई, मला एवढ्यासाठीच आज बोलायचं होतं. तुम्ही लेकीकडे राहता, छान राहता. अंग भरलंय तुमचं, आवाज मोकळा झालाय. त्यात चोरी कसली? मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण तुम्ही धास्तीने येता आणि ओशाळून जाता, हे मला आणखी वाईट वाटतं. मला विकून टाका. ज्यांना रुसायला जागा कमी पडेल अशा कुणालाही द्या. माझं इंजिन अजून धड आहे.

ते इथे एकटे पडतील म्हणून तुम्ही मला ठेवलंत. चार वर्षं मी रोज बघतेय. बिछान्यात, खुर्चीत, न्हाणीघरात. ते इथे नाहीत, बाई. इथे मी एकटीच आहे.