चार प्रोसेसर आणि एक मिनिट

मी एक जुना राऊटर आहे आणि स्वभावाने पक्का भोचक. मोखाड्यातल्या एका छोट्या खोलीत, भिंतीवरच्या फळीवर माझा मुक्काम आहे. मित्रांनो, तुम्ही पाठवलेला फोटो किंवा तुमचं बोलणं अखंड जात नाही. त्याचे बारीक तुकडे होतात, त्यांना पॅकेट म्हणतात. पॅकेटवरचा पत्ता वाचून त्याला पुढची वाट दाखवायची, हे माझं काम. आत काय आहे ते उघडून बघायची मात्र मनाई. माझ्यासारख्याला ही केवढी शिक्षा! कोण कोणाला काय सांगत असेल, याच विचारात माझी आठ वर्षं गेली.

माझ्या पोटात चार प्रोसेसर, म्हणजे काम करणारे चार मेंदू आहेत. मला इथे आणलं तेव्हा त्या चौघांचं फार कौतुक झालं होतं. कोणतं पॅकेट कोणाकडे द्यायचं, हे मी पाठवणाऱ्याचा पत्ता पाहून ठरवत असे. इथेच घोळ होता. सूर्यमाळच्या बाजूच्या सगळ्या पाड्यांचं बोलणं एका टॉवरवरून, एकाच पत्त्याने येई. मग तो सगळा भार पहिल्यावर पडे आणि उरलेले तिघे माश्या मारत बसत. लोक म्हणत, हा राऊटर म्हातारा झाला. मला भारी राग येई.

एका दुपारी, माझी देखभाल करणाऱ्या उमेशला सूर्यमाळकडच्या एका पाड्यावरच्या नर्सचा, सुनिताचा फोन आला. पाड्यावरच्या सुकरीचं आठ दिवसांचं बाळ धापा टाकत होतं. सुनिताने दोनदा श्वास मोजले, दोनदा आकडा वेगळा आला. जव्हारच्या डॉक्टरांना बाळाची छाती स्वतः बघायची होती, पण व्हिडिओ कॉलवरचं चित्र सारखं अडकत होतं. चार वाजता पाड्यावरची शेवटची जीप सुटणार होती. एवढं नाजूक बाळ घाटातून न्यायचं की नाही, हे त्याआधी ठरायला हवं होतं.

उमेशने लॅपटॉप जोडून माझ्या पोटात डोकावून पाहिलं. एक राबतोय आणि तिघे रिकामे, हे त्याला दिसलं. त्याने घाईघाईने हुकूम सोडला, की जो मोकळा असेल त्याने पुढचं पॅकेट उचलावं. चौघे हौसेने धावले आणि सगळा विचका झाला. मागचं पॅकेट पुढे गेलं, पुढचं मागे राहिलं. सुनिता म्हणाली, डॉक्टरांना आता छाती दोनदा वर जाताना दिसते, खाली येतच नाही.

बाजार करून आलेली उमेशची आई, गोजाबाई, खोलीत टेकली होती. काय बिघडलं, असं तिने विचारल्यावर उमेशने वैतागून सगळं सांगितलं. तिला त्यात नवल वाटलं नाही. उन्हाळ्यात त्यांच्या विहिरीत टँकर ओतला, की अख्खा पाडा एकाच कडेला गर्दी करायचा. मग बायांनीच विहिरीच्या चार कडांना घरं वाटून दिली होती.

"घरं चार बाजूला वाट," ती म्हणाली. "पन एका घरचे हंडे एकेच बाजूला ठेव. नाय त पयला कोनता नि मागला कोनता, काय समजंल?"

उमेश पुन्हा लॅपटॉपकडे वळला. मग त्याने मला पाठवणाऱ्याबरोबर घेणाऱ्याचा पत्ताही बघायला शिकवलं. आता प्रत्येक बोलणं म्हणजे एक घर झालं. घरं चौघांत वाटली गेली, पण सुनिता आणि डॉक्टरांची सगळी पॅकेटं तिसऱ्याकडेच, एकामागोमाग एक जाऊ लागली.

चार वाजायला दहा मिनिटं होती. उमेशचा फोन स्पीकरवर चालू होता. डॉक्टर पडद्यावर बघून मिनिटभर श्वास मोजत होते. पॅकेट न उघडताही, आपण काय नेतोय हे मला त्या एका मिनिटात पहिल्यांदाच ठाऊक होतं. मला फार भीती वाटत होती.

"बहात्तर. साठच्या वर म्हणजे धोका," डॉक्टरांचा आवाज आला. "छाती आत ओढली जातेय. आत्ता निघा."

जीप मिळाली. बाळ बारा दिवस जव्हारच्या दवाखान्यात होतं आणि बरं होऊन घरी आलं.

मित्रांनो, माझ्या जाळीवरची धूळ अधूनमधून पुसत जा. उन्हाळ्यात माझ्यापुढचा पंखा बंद करू नका. आणि चित्र अडकलं, की मला थापड मारू नका. माझ्या आत कोणी एकटाच राबतोय का, ते आधी बघा. त्याच्यापुढच्या रांगेत एखाद्या बाळाचा पुढचा श्वास उभा असेल.